न समजण्याची नोकरी

४ मार्च

दादा,

आईचा फोन आला आणि मी चादरींच्या ढिगावरून खाली उडीच मारली. खाली उभा असलेला जोडीदार दचकून म्हणाला, "काय रे, चावलं काय?" मी म्हटलं, "चावलं नाही, माझ्या दादाला नोकरी लागली!" डबा घेऊन रोज निघायची, खरीखुरी नोकरी!

तुझ्याशी फोनवर बोललो खरा, पण फोनवर तू नुसतं हो हो करतोस. जेवलास का, हो. आई बरी आहे का, हो. तुझ्या डोक्यावर हत्ती बसलाय का, तरी हो! म्हणून हे पत्र लिहितोय. तूही लिही. कितीही दिवस लागू देत, मला घाई नाही. (पायाला भिंगरी लावलेला माणूस घाई नाही म्हणतोय, हसू नकोस.)

आईच्या बोलण्यातून मला कळलं ते असं. त्या ऑफिसात दवाखान्यांचे, कचेऱ्यांचे अवघड कागद सोपे करून लिहितात. ज्यांना वाचायला, समजायला जड जातं अशा माणसांसाठी. ते लिहिणार, तू वाचणार आणि समजलं का ते सांगणार. दोन महिने बघणार, मग कायम करायचं की नाही ते ठरवणार. बरोबर ना?

आता नीट ऐक. साबणाचे खोके भरायचं तुझं काम बंद पडलं त्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षं तू खिडकीत बसून गाड्या मोजतोयस. चौतिसाव्या वर्षी अशी नोकरी दारात आलीये, ती हातची जाऊ द्यायची नाही. तेव्हा ताठ बसायचं. नखं कापून जायचं. आणि कुणी विचारलं, "समजलं का?" की लगेच खणखणीत आवाजात, "समजलं!" मी सातवीपर्यंत पोचलो तो एवढ्याच एका शब्दावर. प्रश्न विचारणारा पोरगा कुठल्याच मास्तरला आवडत नाही.

माझं इथं झकास चाललंय. बाटल्यांचा कारखाना सोडला, गोदाम सोडलं, आता ही धुलाई. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, घोंगड्या गाडीगाडीनं येतात. धुवायची मशीन एवढी मोठी, की आत म्हैस उभी राहील. साहेब माझ्यावर खूश आहेत.

तुझा,
भिंगरी


१३ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र आलं. मी ते चार वेळा वाचलं. माझ्या डोक्यावर हत्ती नाही.

मी हे पत्र तीन दिवस लिहितो आहे.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्टमध्ये एक बाई बोलते. ती दिसत नाही.

टेबल गोल आहे. मॅडम लिहितात. मॅडमकडे दोन चष्मे आहेत. एक डोळ्यांवर असतो. एक डोक्यावर असतो. त्या डोक्यावरचा शोधत बसतात. मी सांगत नाही. पहिल्याच महिन्यात कसं सांगणार.

माझ्याबरोबर टेलरकाका वाचतात. ते आधी कपडे शिवायचे. मग त्यांना झटका आला. आता त्यांना शब्द लवकर सापडत नाहीत. पण "नाही समजलं" हे लगेच सापडतं. ते टेबलावर हात आपटतात आणि म्हणतात, "नाही समजलं!" पाणी सांडतं. मला वाटलं, त्यांना काढून टाकतील.

मी तसं करत नाही. मी "समजलं" म्हणतो. तू सांगितलं तसं.

सोमवारी डोळ्यांच्या दवाखान्याची पुस्तिका होती. ऑपरेशनच्या आधी काय करायचं, ते त्यात आहे. टेलरकाका आजारी होते. मी एकटाच वाचक होतो. मॅडमनी विचारलं, "डोळ्यात औषध कसं घालायचं?" मी सगळं बरोबर सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "वा! म्हणजे पान जमलं."

तुझा दादा

ता. क. मी आई. अरे, याच्या पिशवीत शुक्रवारीच ती पानं सापडली मला. सोमवारी विचारणार म्हणाला. मग काय, शनिवार-रविवार दोघं बसलो. एकेक ओळ समजावली, घोकून घेतली. वाटीत पाणी घेऊन थेंब कसे टाकायचे तेही दाखवलं. लेकरू पहिलं आलं! तुझ्या अभ्यासाला एवढी बसले असते तर तू आज कपडे धूत नसतास. जेवत जा वेळेवर.


२२ मार्च

दादा, आणि पहिला नंबर काढणाऱ्या दादाच्या मास्तरीणबाई,

वाचून छाती फुगली. आई, तू तर कमालच केलीस! दर शुक्रवारी पिशवी तपासत जा. पुढचे कागद हाती लागले की पाठच करून टाका. दोन महिने म्हणजे काय, नऊ शुक्रवार. नऊ वेळा घोकलं की नोकरी पक्की.

टेलरकाकांची मला काळजी वाटते. भला माणूस दिसतोय, पण असं तोंडावर नाही समजलं म्हणाला तर टिकेल कसा? त्यांनाही शिकव थोडं.

माझी इथं जागा बदलली. मशीनवरून घड्या घालायच्या टेबलावर आलो. बढतीच म्हणायची. बसून काम, अंगावर पाणी नाही, वाफ नाही. दिवसाला बाराशे टॉवेल. तीन घड्या, एक थोपटणी, पुढचा. तीन घड्या, एक थोपटणी, पुढचा. परवा जेवायला बसलो तर पोळीच्या तीन घड्या घालून थोपटली.

खरं सांगायचं तर मन लागत नाही. बंदराकडं माणसं घेतायत असं ऐकतोय. बघू.

भिंगरी


२ एप्रिल

भिंगरी,

वाईट झालं.

पुस्तिका दवाखान्यात गेली. तिच्यात लिहिलं होतं, "रोज डोळ्यात चार थेंब घाला." एका आजोबांनी ते वाचलं. त्यांनी सकाळी चारही थेंब एकदम घातले. आणि दिवसभर काही घातलं नाही. असं तीन दिवस केलं. त्यांचा डोळा लाल झाला. त्यांचं ऑपरेशन आठ दिवस पुढे गेलं.

आता आजोबा बरे आहेत. मॅडम स्वतः बघून आल्या. सगळ्या पुस्तिका परत आणल्या.

मॅडमनी मला विचारलं, "तुम्ही मला सांगितलं होतं, सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक, झोपताना एक. हे पानावर कुठे आहे?"

मी पान बघितलं. पानावर ते नाही. ते आईने सांगितलं होतं. वाटीत दाखवून.

मी मॅडमना खरं सांगितलं. मॅडमनी आईला बोलावलं. आई रडली. मॅडम रागावल्या नाहीत. पण त्या म्हणाल्या, "मला इथे पहिला नंबर नको. कागद कुठे अवघड आहे, ते मला दिसत नाही. मला सगळं लगेच समजतं, तीच माझी अडचण आहे. अडलेला माणूसच मला ते दाखवू शकतो. वाचक समजलंच म्हणत राहिले, तर मला वाचक नकोत." त्या म्हणाल्या, महिनाअखेरीला ठरवू.

मला ते पान समजलं नव्हतं. आधीची तीन पानं पण समजली नव्हती.

मला "नाही समजलं" म्हणता येत नाही. मी तसं म्हटलं, की माणसाचा चेहरा बदलतो. तू बघितला नसशील. मी बघितला आहे. मास्तरांचा. डॉक्टरांचा. बसमधल्या माणसाचा. आईचा पण. थोडासाच बदलतो. पण मला दिसतो.

समजलं म्हटलं, की चेहरा नीट राहतो.

तू हुशार आहेस. तुला असं कधी होतं का?

दादा


९ एप्रिल

दादा,

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस पेनला हात लावला नाही. आज लिहितो. खरं लिहितो. आई, तूही वाच, पण ओरडू नकोस.

साहेब माझ्यावर खूश नाहीत. बढती झाली नाही. मी चाळीस घोंगड्यांचं वाटोळं केलं.

झालं असं, की मशीनच्या वर भिंतीवर एक सूचना लावलीये. पहिल्या दिवशी साहेबांनी (त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असते, म्हणून आम्ही शिट्टीसाहेब म्हणतो) तिच्याकडं बोट केलं. "वाचलं? समजलं?" मी खणखणीत म्हटलं, "समजलं!" दादा, मी पहिली ओळसुद्धा धड पार केली नव्हती. एक वाक्य सुरू होतं ते संपतच नाही. मी अर्ध्यात उतरलो आणि जोडीदार करतो तसं करत राहिलो. जोडीदार चादरी टाकायचा, मी घोंगड्या टाकल्या. उकळत्या पाण्यात. लोकरीच्या.

दार उघडलं तेव्हा आतून जे निघालं ते मांजराच्या अंगावर घालावं एवढं होतं. एक नाही, चाळीस! शिट्टीसाहेबांनी एक घोंगडी हातात घेतली, स्वतःच्या डोक्यावर ठेवून बघितली. टोपीसारखी बसली. कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी टॉवेलांवर.

तर तू विचारलंस ना, असं होतं का? माझं आयुष्य असंच चाललंय. बाटल्यांचा कारखाना मी कंटाळून सोडला असं सांगितलं होतं ना? तिथंही एक कागद आला होता सहीला. समजला नाही. विचारायची लाज वाटली. जागा सोडणं सोपं वाटलं. माझ्या पायाला भिंगरी-बिंगरी काही नाही रे. कागद आला की मी पळतो, एवढंच.

आणि तुला मी काय शिकवलं, तर ताठ बसून खोटं बोलायला. चूक माझी. आईची निम्मी. आई, वाटीतलं पाणी ओतून टाक आता.

आता माझं एक काम कर. ती सूचना मी अख्खी उतरवून काढली आहे:

"सर्व प्रकारचे कपडे विहित वर्गवारीनुसार विलग करून, दूषित व अदूषित यांची सरमिसळ न होऊ देता, योग्य तापमानावर धुण्यात यावेत, तसेच लोकरी वस्तूंबाबत स्वतंत्र दक्षता घेण्यात यावी."

तू वाच. आईला दाखवू नकोस. जिथं अडशील तिथं लिही, नाही समजलं. माझा चेहरा बदलेल याची भीती नको. मी एवढ्या लांब आहे, माझा चेहरा तुला दिसणारच नाही.

भिंगरी


१९ एप्रिल

भिंगरी,

मी सूचना वाचली. आईला दाखवली नाही. आई दाराआडून बघत होती. मी दार लावलं.

सहा ठिकाणी नाही समजलं. आता लिहितो.

विहित. नाही समजलं. वर्गवारी. नाही समजलं. विलग. नाही समजलं. दूषित म्हणजे कशाने? रक्ताने? चहाने? चहाचा डाग पडलेला टॉवेल दूषित का? तो डोळ्यांनी ओळखायचा का? का पिशवीवरून? पिशवी असेल तर पिशवीचं चित्र का नाही?

योग्य तापमान म्हणजे किती? आकडा का नाही? मशीनवर आकडे आहेत का? असतील तर तोच आकडा कागदावर लिहा.

दक्षता घेण्यात यावी. कोणी घ्यायची? तू? साहेब? घ्यायची म्हणजे हाताने काय करायचं?

घोंगडी हा शब्द सूचनेत कुठेच नाही. मी तीन वेळा शोधला. तू घोंगड्या बिघडवल्यास, पण कागदाने तुला घोंगडीचं नावच सांगितलं नव्हतं.

हे कोणी लिहिलं? त्याने कधी घोंगडी धुतली आहे का?

एवढ्या वेळा लिहून हाताला सवय झाली. बुधवारी टेबलावर बस-पासचा कागद होता. मी म्हटलं, "नाही समजलं." अगदी हळू म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "काय म्हणालात?" मी घाबरलो. मी परत म्हटलं. मॅडमचा चेहरा बदलला. पण दुसऱ्या तऱ्हेने बदलला. त्या हसल्या. त्यांनी लगेच पेन उघडलं. "कुठे?"

मी बोट ठेवलं. टेलरकाकांनी टेबलावर हात आपटला. माझ्यासाठी. पाणी सांडलं. मी पुसलं.

पण महिनाअखेर अजून यायची आहे. मला ही नोकरी पाहिजे. खूप पाहिजे.

दादा

ता. क. आई. तुम्ही दोघांनी मिळून मला चांगलंच कामाला लावलंय. काल म्हटलं, "जरा लवकर ये रे." तर म्हणतो, "जरा म्हणजे किती वाजता?" मी म्हटलं, "डाळीत मीठ बेताचं टाक." तर चमचा घेऊन उभा, "बेताचं म्हणजे किती चमचे?" शेजारीण म्हणाली, "अहो, काळजी करू नका, होईल सगळं ठीक." तिला विचारतो, "कधी होईल?" ती बिचारी घरी निघून गेली. पण एक सांगू? चौतीस वर्षं मी त्याला सांगत होते आणि तो मान हलवत होता. त्यातलं किती कळलं होतं, देव जाणे. मीच कधी विचारलं नाही. आता विचारतो तेव्हा बरं वाटतं. डोकं उठतं, पण बरं वाटतं.


२९ एप्रिल

दादा!

बस, नीट टेकून बस आणि वाच.

सोमवारी सकाळी कामाच्या आधी सगळे रांगेत उभे राहतो, तेव्हा शिट्टीसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "कुणाला काही शंका?" हे ते रोज विचारतात आणि उत्तर यायच्या आत शिट्टी मारतात. शिट्टी तोंडाला लागली एवढ्यात माझा हात वर गेला. मी नाही नेला, आपोआप गेला.

मी म्हटलं, "साहेब, भिंतीवरची सूचना मला समजली नाही. पहिल्या दिवशी मी समजली म्हणालो, ते खोटं होतं."

साहेब म्हणाले, "काय समजलं नाही?" मी तुझा कागद खिशातून काढला आणि वाचायला लागलो. चहाच्या डागापर्यंत आलो तर मागून इस्त्रीवाली मावशी ओरडली, "हां, ते मलाही विचारायचं होतं, चार वर्षं झाली!" मग गाडीवाला. मग माझा जोडीदार, ज्याचं बघून मी शिकलो, तो म्हणतो कसा, "मी तर हिचं बघून करतो." आणि मावशीकडं बोट! मावशी म्हणाली, "आणि मी तुझं बघून करते!" दादा, सगळा कारखाना एकमेकांचं बघून चालला होता. वाचलेला कुणीच नाही!

मी शेवटची ओळ वाचली. ज्यानं लिहिलं त्यानं कधी घोंगडी धुतली आहे का? साहेबांनी शिट्टी गळ्यात सोडून दिली. म्हणाले, "मी लिहिलं नाही. वरून आलंय. मलासुद्धा कुणी समजावलं नव्हतं." आणि मग विचारलं, "हे प्रश्न काढले कुणी?" मी म्हटलं, "माझ्या थोरल्या भावानं. तो वाचक आहे." मान ताठ करून सांगितलं. या वेळी खोटं नव्हतं.

आता भिंतीवर नवा कागद आहे. लाल पिशवीचं चित्र: उघडू नका, पिशवीसकट मशीन नंबर एकमध्ये टाका. पांढरी पिशवी: मशीन दोन, आकडा साठ. घोंगडीचं चित्र: मशीन तीन, आकडा तीस. घोंगडी मी काढली. पहिली काढली ती पावासारखी दिसत होती. मावशी म्हणाली नाही समजलं. दुसरी काढली. ती गाढवासारखी. चौथी जमली.

मी परत मशीनवर आलो. नंबर तीन, घोंगड्यांचंच. बंदरावर जायचं रद्द.

पण तुझं काय झालं? महिना संपत आला. मला इथं चैन नाही. फोन करीन म्हटलं, पण फोनवर तू हो म्हणशील आणि मी खरं मानून बसेन. लिही. लवकर. (लवकर म्हणजे हे पत्र मिळेल त्या दिवशी.)

भिंगरी


१२ मे

भिंगरी,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी लिहायला बसलो. पण गोष्ट संपली नव्हती. आज संपली. म्हणून आज पाठवतो.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावलं. आईला पण बोलावलं. मॅडम आणि टेलरकाका आले. काकांना कोणी बोलावलं नव्हतं.

मोठे साहेब म्हणाले, "अभिनंदन." त्यांनी एक कागद दिला. पेन दिलं. म्हणाले, "इथे सही करा."

मी कागद वाचला. त्याच्यात लिहिलं होतं, "उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की." पुढे पण होतं. दीड पान होतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. आईच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

मी म्हटलं, "नाही समजलं."

आईने टेबलाखालून मला चिमटा काढला. साहेब म्हणाले, "अहो, चांगलीच बातमी आहे. करा सही." आई म्हणाली, "कर रे बाबा." मला सही करायची होती. फार करायची होती. साहेबांचा चेहरा बदलायला लागला. मला दिसला.

मी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, "चांगली बातमी आहे, तर सोपी लिहा. मला समजेल अशी. मग मी सही करतो."

मग टेलरकाकांनी टेबलावर हात आपटला. साहेबांच्या टेबलावर. साहेबांचा चहा सांडला. आणि मॅडम हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की डोक्यावरचा चष्मा खाली पडला. त्यांना तो सापडला. त्या साहेबांना म्हणाल्या, "सर, आपण दुसऱ्यांचे कागद सोपे करतो. आपला कागद कधी बघितलाच नाही."

साहेबांनी कागद परत घेतला. ते म्हणाले, वेळ लागेल.

बारा दिवस लागले. आई त्यातले चार दिवस माझ्याशी बोलली नाही. ती म्हणायची, हातात आलेली नोकरी परत देऊन आला. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "खरं सांगू? मलाही तो कागद समजला नव्हता." मग आम्ही पेढे खाऊन टाकले.

मधे दोनदा नवा कागद आला. दोनदा मी परत पाठवला. एकदा सुट्टीचं समजलं नाही. एकदा "सेवाकाल" समजलं नाही. साहेब स्वतः खाली येऊन विचारून गेले, "आता कुठे अडलं?" त्यांनी पेन आणलं होतं.

आज तिसरा आला. एकच पान आहे. अक्षर मोठं आहे. पहिली ओळ अशी आहे:

"तुम्हाला ही नोकरी कायमची मिळाली आहे."

मी ती ओळ वाचली. मग परत वाचली. मॅडम घाबरल्या. म्हणाल्या, "काय झालं? नाही समजली?"

मी म्हटलं, "पहिल्याच वेळी समजली. दुसऱ्यांदा मजा म्हणून वाचली."

मग सही केली.

तुझा दादा
वाचक